‘ग्रीनस्लीव्ह्ज’ जॅझमध्ये, ब्रास बँडसाठी : पहिल्यांदा अरेंजमेंट लिहिणाऱ्यांसाठी

उत्तर इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या ब्रास बँडमध्ये तुम्ही वाजवायला लागलात आणि तुम्हाला स्टाफ नोटेशन लिहिता येतं हे कळलं, की आज ना उद्या कंडक्टर विचारतोच: एखादं जुनं इंग्लिश गाणं जरा जॅझ ढंगात करून देता का? हो म्हणताना डोक्यात भारी भारी कॉर्ड फिरत असतात. घरी येऊन सॉफ्टवेअर उघडलं की वीस-बावीस रिकाम्या ओळींचा स्कोअर समोर येतो आणि पहिल्या बारापाशीच घोडं अडतं.

मी यॉर्कशरमधल्या एका हौशी बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवतो आणि त्यांच्यासाठी अरेंजमेंटही लिहितो. हा लेख त्या रिकाम्या स्कोअरपासून छापलेले पार्ट वाजवणाऱ्यांच्या हातात पडेपर्यंतचा आहे. उदाहरण म्हणून ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ घेतलं आहे, कारण चाल सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते आणि कायद्याची कटकट नाही. स्टाफ नोटेशन थोडंफार वाचता येतं आणि मेजर-मायनर कॉर्ड माहीत आहेत, एवढं गृहीत धरतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. चालीला हात लावू नका. ताल बदला, कॉर्ड बदला, बास बदला, पण पहिल्या चार बारांत गाणं ओळखू आलं पाहिजे. आणि वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळाली पाहिजे. बाकीचं जमलं नाही तरी एकवेळ चालेल.

काय काय लागेल

- गाण्याची चाल, खात्रीच्या जुन्या छापील प्रतीवरून
- तुमच्या बँडची खरी यादी: कुठल्या खुर्चीवर कोण बसतं, कोणती खुर्ची रिकामी आहे
- नोटेशनचं सॉफ्टवेअर. म्यूझस्कोर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. सिबेलियस आणि डोरिकोच्या पूर्ण आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात. फिनाले नव्याने शिकायला जाऊ नका, कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंद केल्याचं जाहीर केलं. कुणी जुनी फिनालेची फाइल दिली तर ती म्यूझिकएक्सएमएलमध्ये (कुठल्याही नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फाइलचा प्रकार) करून मागा
- कीबोर्ड. नसेल तर घरची पेटीही चालेल, कॉर्ड हाताखाली ऐकता आल्याशी कारण
- पेन्सिल, खोडरबर, कोरा स्टाफ पेपर
- पार्ट छापायला जरा जाड कागद

१. गाणं कोणाचं आहे ते आधी बघा

‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असलं म्हणजे सगळं फुकट, असा समज असतो. मूळ चाल कोणाच्याच मालकीची नसते हे खरं. पण तुम्ही जी ऐकली आहे ती मूळ चाल आहे की कुणी तरी केलेली तिची मांडणी, हे तपासावं लागतं.

‘स्कारबरो फेअर’ घ्या. नवशिके सगळ्यात आधी त्याकडेच वळतात. त्याचे शब्द फार जुन्या गाथागीतांच्या कुळातले आहेत. पण आज सगळे जी चाल गुणगुणतात ती लोकगायक इवान मॅकॉलने १९४७ मध्ये डरहॅम परगण्यातल्या एका निवृत्त शिसे-खाण कामगाराकडून उतरवून घेतली. मग मार्टिन कार्थी या लोकगायकाने ती गिटारवर स्वतःच्या पद्धतीने बसवली, पॉल सायमनने ती लंडनमध्ये त्याच्याकडून ऐकली, आणि १९६६ मध्ये सायमन-गारफंकलच्या रेकॉर्डवरून ती जगभर गेली. त्यावरून बरीच वर्षं मनं दुखावलेली राहिली. २००० साली कार्थी आणि सायमन लंडनमध्ये एकत्र गायले तेव्हा कुठे ते मिटलं. तुमच्या कानात असतं ते बहुधा हे रेकॉर्ड. त्यातली साथ नकळत तुमच्या स्कोअरमध्ये उतरली, तर ती पारंपरिक राहत नाही.

‘ग्रीनस्लीव्ह्ज’चं तसं नाही. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे पुस्तकं छापणाऱ्यांच्या संघाच्या, वहीत १५८० साली या नावाच्या गीताची नोंद आहे. ते आठव्या हेन्रीने रचलं अशी दंतकथा गाइड लोक हमखास सांगतात, पण चालीखालची कॉर्डची बांधणी ज्या इटालियन वळणाची आहे ते वळण इंग्लंडमध्ये रुळलं हेन्री गेल्यानंतर.

इथेही एक फास आहेच. राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराने या चालीला दिलेली हार्मोनी इतकी कानात बसलेली असते की तीच ‘मूळ’ वाटते. व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये वारला. ब्रिटनमध्ये हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं चालतात, म्हणजे त्याचं लिखाण २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. भारतात ही मुदत ६० वर्षांची असल्याने तिथे ते २०१९ पासून मोकळं झालं. पण तुमचा बँड वाजवणार इंग्लंडमध्ये, तेव्हा हिशेब इथला धरायचा. त्याच्या ‘फँटासिया ऑन ग्रीनस्लीव्ह्ज’मध्ये राल्फ ग्रीव्ह्जचाही हात आहे, म्हणून ती मुदत आणखी लांबते. शिवाय त्यात मधेच येणारी दुसरी चाल ‘लव्हली जोन’ या वेगळ्याच लोकगीताची आहे. ती ग्रीनस्लीव्ह्जचाच अंतरा समजून उचलू नका.

खात्रीची चाल हवी तर लंडनच्या कॅम्डनमधल्या सेसिल शार्प हाउसमध्ये व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी आहे. तिचा बराच संग्रह ऑनलाइन आणि मोफत बघता येतो, राउड इंडेक्स या लोकगीतांच्या सूचीत गाण्याचं नाव टाकून शोधता येतं. जाता आलं तर जरूर जा, तिथल्या लोकांना असले प्रश्न आवडतात.

२. एक रेकॉर्डिंग कान देऊन ऐका

अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘आफ्रिका/ब्रास’, १९६१. इंग्लिश चाल, जॅझचा ताल आणि मागे ब्रासचा जथा, हे सगळं एका ठिकाणी ऐकायला याहून चांगलं रेकॉर्ड मला माहीत नाही. त्यात ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ आहेच. मागे फ्रेंच हॉर्न, युफोनियम, ट्यूबा आहेत. पियानोवर मॅकॉय टायनर आहे आणि ब्रासच्या लिखाणात एरिक डॉल्फीचा हात आहे. ट्यूबा वाजवणारा बिल बार्बर त्याआधी माइल्स डेव्हिसच्या ‘बर्थ ऑफ द कूल’मध्येही होता.

सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून ऐका. पहिल्यांदा फक्त बास, मग फक्त हॉर्न. ब्रास किती कमी वाजतो हे लक्षात येईल. लांब स्वर, मधेच एखादा धक्का, मग शांतता. कॉर्डही फार बदलत नाहीत, बराच वेळ सगळं दोन कॉर्डवर झुलत राहतं. नवशिक्याला जॅझ म्हणजे दर ठोक्याला नवा कॉर्ड वाटतो, तो गैरसमज इथेच सुटतो.

ब्रासवरचा स्विंग आपल्याला परका आहे असं समजू नका. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या कानात तो लहानपणापासून आहे. आणि मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकाराच्या चालीवरून वादकांसाठी पार्ट लिहिण्याचं काम सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर वर्षानुवर्षं करत होते. तुम्ही करायला निघाला आहात ते काम त्याच जातीचं.

३. बँड समजून घ्या, विशेषतः कोण काय वाचतं ते

ब्रिटिश ब्रास बँडची रचना ठरलेली आहे. एक सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट (चार सोलो, एक रिपियानो, दोन सेकंड, दोन थर्ड), एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, दोन टेनर ट्रॉम्बोन, एक बास ट्रॉम्बोन, दोन ई फ्लॅट आणि दोन बी फ्लॅट बास. असे पंचवीस, शिवाय तालवाद्यं. ट्रम्पेट नाही, फ्रेंच हॉर्न नाही, सॅक्सोफोन तर नाहीच.

बाहेरून येणाऱ्याची दांडी उडते ती इथे: बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळे ट्रेबल क्लेफ वाचतात. बी फ्लॅट बास वाजवणारासुद्धा. टेनर ट्रॉम्बोनला बास क्लेफचा पार्ट दिलात तर तो तुमच्याकडे नुसता बघत बसेल. या पद्धतीचा फायदा असा की बोटं सगळीकडे सारखीच पडतात, त्यामुळे कॉर्नेटवाला माणूस वेळ पडली तर युफोनियमवर जाऊन बसू शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘ब्रास बँड’चा तयार साचा असतो, तोच घ्या. एकेक वाद्य स्वतः जोडत बसलात तर ‘ट्यूबा’ म्हणून बास क्लेफची ओळ येते आणि ते छापल्यावरच कळतं.

पट्टी जी मायनर ठेवा, म्हणजे कानाला ऐकू येणारी. मग कॉर्नेट, फ्लूगल आणि युफोनियमला ती ए मायनर दिसते आणि टेनर हॉर्न व ई फ्लॅट बासला ई मायनर. सगळ्यांना वाचायला सोपं. चालीचा पल्ला मध्य सी च्या वरच्या डी पासून वरच्या एफ पर्यंत आहे. कॉर्नेटच्या कागदावर तो ई ते जी दिसतो, म्हणजे हौशी माणसालाही न धापता वाजवता येईल असा. हाच कागद युफोनियमला दिलात की एक सप्तक खाली तीच चाल मिळते. टेनर हॉर्नला मात्र चाल द्यायची तर सप्तक खालीच द्या. वरच्या सप्तकात त्याचा जीव जातो, आणि हे मी त्या खुर्चीवर बसून सांगतोय.

बँडऐवजी पाच जणांचा ब्रास क्विंटेट असेल तर दोन ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा असा संच असतो. तिथे ट्रॉम्बोन आणि ट्यूबा बास क्लेफच वाचतात.

४. चाल एका ओळीत, सरगमसकट

जी ला सा धरा. पहिली ओळ अशी येते, उभ्या रेघा बारांच्या आहेत आणि पहिला सा सुरुवातीचा उचल-स्वर:

सा | ग – म | प – ध प | म – रे | नी – सा रे | ग – सा | सा – नी सा | रे – नी | प – 

गंधार सगळीकडे कोमल, धैवत शुद्ध. चौथ्या बारातला निषाद कोमल आणि मंद्रातला. पुढचे दोन निषाद शुद्ध, तेही मंद्रातले. शेवटचा पंचम मंद्राचा. कोमल गंधार, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद म्हणजे आपला काफी थाट, पाश्चात्त्य लोक ज्याला डोरियन म्हणतात तो. ओळींच्या शेवटी शुद्ध निषाद येतो तेवढाच अपवाद.

काही छापील प्रतींत दुसऱ्या बारात धैवत कोमल असतो. तीही चूक नाही, पण दोन्ही मिसळू नका. मी शुद्धच घेतो, कारण पुढे कॉर्ड लावताना तोच हात देतो.

ही ओळ लिहून झाली की गा. खुर्चीवर बसून, मोठ्याने. जिथे तुम्ही श्वास घेता तिथे वाजवणाराही घेणार, तिथे पेन्सिलने स्वल्पविराम करा. दमसासाचा हा नकाशा शेवटपर्यंत जवळ ठेवा.

५. ताल

मूळ गाणं ६/८ मध्ये आहे. त्याच्या एका बाराचे ३/४ चे दोन बार करा. कडवं १६ बारांचं होतं, धृपदही १६ बारांचं, एकूण ३२. जॅझच्या सोलोसाठी इतकी सोयीची लांबी आयती मिळते. सुरुवातीला मिनिटाला १४० क्रॉचेटच्या (३/४ मधला एक ठोका) आसपास ठेवा.

४/४ मध्ये ओढूनताणून स्विंग करायचा मोह टाळा. चालीचे लांब-आखूड स्वर त्यात कोंबावे लागतात आणि गाण्याची ओळख जाते. ५/४ फार चलाख वाटतं, पण हौशी बँडमध्ये दोन तालमी नुसत्या मोजण्यातच जातात.

६. कॉर्ड

आधी मूळ सांगाडा लिहून घ्या. कडवं: जी मायनर, एफ, जी मायनर, डी. पुन्हा तेच, आणि शेवटी डी वरून जी मायनरवर येणं. धृपदात फक्त पहिला कॉर्ड बदलतो, तो बी फ्लॅट होतो. एवढंच. सोळाव्या शतकात या बांधणीवर ढीगभर गाणी झाली.

आता रंग भरायचा. घाई न करता, तीन थरांत.

पहिला थर, झोपाळा. जिथे जी मायनर आहे तिथे जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हन आलटूनपालटून, एकेक बार. सी सेव्हनमध्ये ई आहे, म्हणजे आपला शुद्ध धैवत. चालीतला धैवत आणि साथीतला धैवत एकमेकांना ओळखतात. कोमल धैवताची प्रत घेतली असती तर इथेच ठिणग्या उडाल्या असत्या.

दुसरा थर, चौथ्या-चौथ्याची रचना. दुसऱ्या बारात चाल पंचमावर, म्हणजे डी वर येते. त्याच्याखाली स्वर असे रचा: डी च्या खाली बी फ्लॅट, त्याखाली एफ, त्याखाली सी, आणि सगळ्यात खाली जी. वरचं एक अंतर सोडलं तर सगळे स्वर एकमेकांपासून मध्यमाच्या अंतरावर आहेत. सोलो कॉर्नेट डी, सेकंड कॉर्नेट बी फ्लॅट, फ्लूगल एफ, पहिला बॅरिटोन सी, आणि बास जी, तोही एक सप्तक आणखी खाली. चाल डी वरून ई वर जाऊन परत येते तेव्हा वरचे चौघेही एकेक स्वर वर सरकतात आणि परत येतात: ई, सी, जी, डी. बास हलत नाही. पेटीवर वाजवून बघा, एका बारात गाणं सोळाव्या शतकातून उचलून १९६१ मध्ये आणून ठेवल्यासारखं होतं. अख्ख्या अरेंजमेंटमध्ये ही युक्ती चार-पाच ठिकाणीच वापरा. दर बाराला केलीत की तिचं काहीच वाटेनासं होतं.

तिसरा थर, बदली कॉर्ड. डी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट सेव्हन घ्यायचं जॅझच्या प्रत्येक पुस्तकात असतं. इथे ते सगळीकडे चालत नाही. कडव्याच्या मध्यावर डी सेव्हन येतो तेव्हा चालीत रिषभ आहे, म्हणजे ए. खाली बास ए फ्लॅट धरून बसला आणि वर कॉर्नेट ए वर उभा राहिला, तर कागदावर त्याचं समर्थन करता येतं, बँडरूममध्ये नाही. चौदाव्या बारात, म्हणजे कडव्याच्या अगदी शेवटच्या वळणावर, चालीत शुद्ध निषाद असतो, एफ शार्प. तो ए फ्लॅट सेव्हनच्या कॉर्डमध्येच आहे. तिथे बिनधास्त घ्या. बास कोमल रिषभावरून षड्जावर उतरतो आणि ऐकणारा मान डोलावतो.

एक सर्वसाधारण इशारा: बास क्लेफच्या मधल्या रेघेखाली तिसऱ्या-तिसऱ्याची जवळची अंतरं लिहू नका. खाली सप्तक किंवा पंचम, जवळचे स्वर वर. कॉम्प्युटर खालचा गिचमीड कॉर्डही काचेसारखा स्वच्छ वाजवून दाखवतो. चार बास आणि दोन युफोनियम तोच कॉर्ड वाजवतात तेव्हा मालगाडी गेल्यासारखं ऐकू येतं.

७. कोणाला काय द्यायचं

कॉर्नेट, फ्लूगल, हॉर्न, युफोनियम, बास यांच्या नळ्या कमीअधिक प्रमाणात रुंदावत जातात, म्हणून बँडचा आवाज मऊ आणि एकजीव असतो. ट्रॉम्बोनची नळी बरीचशी सरळ, म्हणून त्याला धार आहे. जॅझचे धक्के तिन्ही ट्रॉम्बोनना द्या आणि पहिलं कडवं फ्लूगलला. सोलो कॉर्नेट सुरुवातीपासून वरच वाजत राहिले तर शेवटच्या चढावर त्यांच्या ओठांत काही उरत नाही. माझा ठोकताळा असा की सोलो कॉर्नेटच्या पार्टमध्ये किमान एक तृतीयांश विश्रांती हवी, आणि कागदावरचा वरचा ए हा कळस, तोही शेवटच्या धृपदात. त्याच्याही वर काही हवं असेल तर सोप्रानो कॉर्नेट आहे.

बासला कॉन्ट्राबाससारखी चालती ओळ द्यायचा मोह सगळ्यांना होतो. खालच्या पट्टीत जोरात वाजवताना बासवाल्याचा श्वास बघता बघता संपतो आणि सलग क्रॉचेटच्या ओळीत तो घेणार कुठे? ओळ ई फ्लॅट आणि बी फ्लॅट बासमध्ये चार-चार बारांनी वाटा आणि जोडाला एक स्वर दोघांनाही द्या. वाल्ट्झमध्ये तर बाराला एक लांब स्वर आणि अधूनमधून तिसऱ्या ठोक्यावर उचल पुरते.

ट्रॉम्बोनच्या दोन गोष्टी. घसरत जाणारा स्वर जास्तीत जास्त सहा अर्ध्या स्वरांचा, त्यापुढे स्लाइड संपते. आणि खालच्या बी फ्लॅटवरून लगेच बी नॅचरलवर जायला सांगू नका. एक पहिल्या जागेवर, दुसरा सातव्या. ट्रिगर नसलेल्या साध्या ट्रॉम्बोनवर वाजवणाऱ्याला स्लाइड पार टोकापर्यंत ढकलावी लागते आणि शेजारच्याला कोपर लागतं.

म्यूट घालायला आणि काढायला निदान चार बार द्या. घालायची खूण करता तशीच काढायचीही करा. ‘ओपन’ लिहायचं राहिलं की अख्खा शेवट दाबलेल्या आवाजात वाजतो. हार्मन म्यूट हवाच असेल तर आधी विचारून घ्या कोणाकडे आहे, हौशी बँडमध्ये स्ट्रेट आणि कप यापलीकडे भरवसा नसतो.

ढोलाच्या बारीक नोटा लिहू नका. ‘जॅझ वाल्ट्झ, ब्रश’ असं लिहून तिरप्या रेघा द्या आणि ब्रासचे धक्के वर छोट्या टाइपात दाखवा. चांगला ड्रमर तुमच्यापेक्षा चांगलं वाजवतो, आणि वाईट ड्रमर तुम्ही लिहिलेलंही वाजवत नाही.

८. सोलो

ब्रास बँडमधले बहुतेक लोक वाचनात पक्के असतात, पण कागद काढून घेतला की गांगरतात. म्हणून सोलोचे १६ बार पूर्ण लिहून द्या आणि वर कॉर्डची नावंही द्या. ज्याला स्वतःचं वाजवायचं तो वाजवेल, बाकीचे लिहिलेलं वाजवतील, आणि कुणाचीच शोभा होणार नाही. कॉर्डची नावं वाद्याच्या पट्टीत बदललेली आहेत ना ते बघा. फ्लूगलच्या पार्टवर ए मायनर सेव्हन–डी सेव्हन दिसलं पाहिजे, जी मायनर नव्हे. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा स्वतः बदलतं, पण तुम्ही ती नावं साध्या मजकुराच्या पेटीत टाइप केली असतील तर ती तशीच राहतात.

सोलो कडव्याच्या पूर्ण कॉर्डवर नको, दोन कॉर्डच्या झोपाळ्यावर ठेवा. काफीचे सातही स्वर तिथे चालतात. आपल्याकडच्या माणसाला इथे मींड आणि हरकती सुचायला लागतात. एखादी चालेल, पण इंग्लिश गाण्याचा राग काफी करायला निघालो नाही आहोत.

सोलोच्या मागे सगळ्यांनी गप्प बसायचं नाही, आणि सतत वाजवायचंही नाही. आठ बारांनंतर हॉर्न आणि बॅरिटोनचे लांब स्वर, शेवटच्या चार बारांत ट्रॉम्बोनचे धक्के, एवढं खूप झालं.

९. स्विंग कागदावर आणणं

मार्च आणि प्रार्थनागीतांत वाढलेला बँड क्वेव्हर सरळ वाजवतो, पुढचा प्रत्येक स्वर तितकाच ठासून. नुसतं वर ‘स्विंग’ लिहून भागत नाही. प्रत्येक वाक्यांशावर खुणा हव्यात: लांब स्वराला आडवी रेघ, तोडायच्या स्वराला टोपी, आणि ठोक्याच्या मधे पडणाऱ्या स्वरावर जोर. फॉल (स्वर खाली घसरवत सोडणं), शेक (स्वर जोरात हलवणं) वगैरे लिहिलंत तर किती लांब तेही लिहा. सोलो कॉर्नेटचे चौघं चार वेगवेगळे फॉल मारतात तेव्हा जिन्यावरून ताटं पडल्यासारखा आवाज होतो.

तालमीत वाद्य खाली ठेवायला सांगून ती ओळ तोंडाने म्हणून दाखवा: दू-बा-दू-दाप. पहिल्यांदा सगळे हसतात, दुसऱ्यांदा बरोबर वाजवतात. तबल्याचे बोल तोंडी म्हणायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात काही अवघड नाही.

१०. छपाई, तालीम आणि नंतरचं

पार्ट दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. गेलाच तर पान उलटायची जागा विश्रांतीवर येईल असं बसवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा आणि दर नव्या भागाला मोठं अक्षर हवं, कारण कंडक्टर ‘सी पासून’ म्हणेल तेव्हा पंचवीस जणांना ते एका नजरेत सापडायला हवं. बँड उन्हाळ्यात पार्कमध्ये वाजवत असेल तर कागद कपड्याच्या चिमट्यांनी स्टँडला लावतात. म्हणून कडेला मोकळी जागा ठेवा, नाहीतर चिमट्याखाली नेमका पहिला बार जातो.

पाठवण्याआधी प्रत्येक पार्ट वेगळा उघडून वाचा. स्कोअर बरोबर असला म्हणजे पार्ट बरोबर असतो असं नाही. म्यूटच्या खुणा, वेगाच्या सूचना आणि ‘सोलो’ हे शब्द पार्टमध्ये हमखास गळतात.

पहिल्या तालमीत कंडक्टरकडे वीस मिनिटं मागून घ्या, जास्त नको. सगळं एकदा न थांबता वाजवून घ्या, मग फक्त दोन जागा धरा: चौथ्या-चौथ्याचे कॉर्ड आणि शेवटचा चढ. चहाच्या सुट्टीत थर्ड कॉर्नेट आणि दुसऱ्या बॅरिटोनशी जाऊन बोला. सोलोवाले स्वतःहून सांगतात, मधल्या खुर्च्यांवरचे गप्प राहतात, आणि अरेंजमेंट कुठे लंगडते ते नेमकं त्यांना माहीत असतं.

गाणं ख्रिसमसच्या कार्यक्रमात असेल तर प्रेक्षक त्याला ‘व्हॉट चाइल्ड इज धिस?’ म्हणून ओळखतील. त्याच चालीवर विल्यम चॅटर्टन डिक्सचे १८६५ चे शब्द आहेत. उन्हाळ्यात लहान मुलं आइस्क्रीमची गाडी आली समजून मागे वळून बघतील, कारण इथल्या कित्येक गाड्यांवर हीच चाल वाजते. दोन्हींची तयारी ठेवा. निवेदकाला दोन ओळी लिहून द्या, म्हणजे तो आठव्या हेन्रीची गोष्ट सांगणार नाही.

शेवटी हक्काची नोंद. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि पीआरएस फॉर म्यूझिक या संगीतकारांसाठी मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद असाल, तर पारंपरिक चालीची अरेंजमेंट म्हणून तुमच्या नावाने नोंद करा. पार्टच्या तळाला ‘पारंपरिक, अरेंजमेंट अमुक, साल तमुक’ असं छापा. पार्टचा सेट बँडच्या लायब्ररियनकडे जमा करताना पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही द्या. लोकांनी पेन्सिलने केलेल्या खुणा पुसून घेऊ नका. कुठे श्वास हवा होता, कुठे म्यूट काढायला वेळ पुरला नाही, हे त्या खुणांवरून समजतं. पुढच्या छपाईत त्या तशाच घ्या.